मायक्रोस्कोप कपाटातून काढण्यापासून परत कपाटात ठेवण्यापर्यंत

नवी बॅच आली की पहिल्या पंधरा दिवसांत दोन गोष्टी ठरलेल्या. एका तरी स्लाइडचा चुरा होतो आणि एका तरी ४०× लेन्सला तेल लागतं. मी कोकणातल्या एका महाविद्यालयाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत सहायक आहे. अकरावीपासून बीएस्सीपर्यंतची पोरं माझ्या टेबलांवर बसून जातात. टेबलावरून पडून मोडलेला मायक्रोस्कोप मला आजवर बघायला मिळाला नाही. जे कामातून गेले ते नॉब उलटा फिरवल्याने, तेल वाळल्याने किंवा पावसाळ्याने गेले.

पुढचं सगळं साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाबद्दल आहे. शाळा-कॉलेजांत आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो तो, ४×, १०×, ४०× आणि १००× अशा चार ऑब्जेक्टिव्हचा (स्लाइडकडच्या भिंगांचा). क्रम बदलू नका. बहुतेक चुका पायरी माहीत नसल्याने होत नाहीत, ती आधी किंवा नंतर केल्याने होतात.

## १. आणणे आणि ठेवणे

एक हात आर्मला (मागच्या दांड्याला), दुसरा हात बेसखाली (बुडाखाली), मायक्रोस्कोप उभाच. एका हाताने लटकवत आणला की आयपीस (डोळ्याकडचं भिंग) नळीतून घसरून पडतो, कारण कित्येक मॉडेलमध्ये तो नुसता आत बसवलेला असतो. टेबलाच्या कडेपासून वीतभर आत ठेवा आणि वायर पायात येणार नाही अशी सोडा.

थ्री-पिन प्लग हवाच. अर्थिंग नसलेल्या बोर्डात अडॅप्टर खुपसून काम भागवू नका, आणि स्टेनिंग करून (स्लाइड रंगवून) आलेल्या ओल्या हातांनी स्विचला हात लावू नका.

तपासा: दिवा लावण्याआधी नोजपीस (ऑब्जेक्टिव्ह बसवलेली फिरती चकती) फिरवून १०× किंवा ४× खाली आहे का बघा. आधीच्या बॅचने ४०× तसाच सोडलेला असतो. स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) पूर्ण खाली घ्या. ऑब्जेक्टिव्ह जागेवर बसताना ‘टक्’ जाणवतं. ते जाणवलं नाही तर लेन्स अधेमधे राहिली आहे, आणि मग निम्मं फील्ड (आयपीसमधून दिसणारं वर्तुळ) काळं दिसतं. ऑब्जेक्टिव्हला धरून फिरवू नका, नोजपीसची खाचेदार कडा धरा.

## २. उजेड

रेग्युलेटर शून्यावर आणा, मग स्विच, मग हळूहळू उजेड वाढवा. बंद करताना उलट क्रम. रेग्युलेटर पूर्ण वर असताना स्विच दाबला की हॅलोजन बल्बचं आयुष्य घटतं. ज्या गावात दिवसातून चार वेळा लाइट जाते-येते तिथे तर लाइट गेल्यावर पहिलं काम रेग्युलेटर खाली आणायचं. एलईडीवाल्या मायक्रोस्कोपला हा त्रास कमी.

आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर खिडकीकडे तोंड करा, पण आरशात थेट सूर्य कधीही घेऊ नका. लेन्समधून एकवटलेलं ऊन डोळ्याच्या पडद्यावर पडलं तर होणारी इजा भरून येत नाही. ढगाळ आकाशाचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड पुरतो. कंडेन्सर (स्टेजखालचं उजेड एकवटणारं भिंग) असेल तर आरशाची सपाट बाजू, नसेल तर अंतर्गोल.

आता कंडेन्सर. उजेड जास्त वाटला की पोरं तो खाली करतात. ही सवय मोडा. कंडेन्सर स्टेजच्या जवळ, स्लाइडच्या लगेच खाली, पण तिला न टेकता, असाच ठेवायचा. उजेड कमी-जास्त करायला रेग्युलेटर आहे. कडा ठळक किंवा फिकट करायला आयरिस डायफ्राम (कंडेन्सरखालची, उघडता-मिटता येणारी झडप) आहे. गालाच्या पेशींसारखं जवळपास पारदर्शक काही बघताना डायफ्राम थोडा मिटा, १००×ला उघडा.

किती मिटायचा ते डोळ्यांनी ठरवता येतं. फोकस झाल्यावर आयपीस काढून नळीत बघा, उजेडाचं गोल वर्तुळ दिसेल. डायफ्राम मिटत त्या वर्तुळाचा साधारण तीन चतुर्थांश व्यास उजळ राहील इतका ठेवा आणि आयपीस परत बसवा. मिनिटाभराचं काम आहे, पण चित्रात इतका फरक पडतो की लोक ‘लेन्स बदलली का?’ असं विचारतात.

## ३. स्लाइड

कांद्याच्या मांसल पाकळीवरची पातळ, पारदर्शक साल घ्या. तुकडा नखाएवढाच हवा. मोठा घेतला की त्याची घडी पडते आणि दोन थर एकावर एक दिसतात. सॅफ्रानिन (लाल रंग), मग पाण्यात धुणं, मग ग्लिसरीनचा एक थेंब, मग कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच). कव्हरस्लिप वरून टाकू नका. तिची एक कड थेंबाला टेकवून, सुईच्या आधाराने तिरकी धरून हळूहळू निजवा. बाहेर आलेलं ग्लिसरीन फिल्टर पेपरने टिपून घ्या. तेच नंतर ४०×च्या तोंडाला लागतं.

हवेचा बुडबुडा म्हणजे जाड काळ्या कडेचं, आतून कोरं, नेमकं गोल वर्तुळ. दरवर्षी चार-पाच जर्नलमध्ये त्याला ‘पेशी’ असं नाव देऊन, आत केंद्रक काढून दाखवलेलं असतं.

तपासा: स्लाइडची खालची बाजू कोरडी आहे ना? कव्हरस्लिप एकच आहे ना? नव्या डबीतल्या दोन चिकटून येतात. ४०× ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठीच बनवलेला असतो. त्याच्या अंगावर तो आकडा लिहिलेलाही असतो, वाचून बघा.

आणि स्लाइड उलटी नाही ना? १०×खाली उलटी स्लाइडही छान दिसते. ४०×ला मात्र काही केल्या फोकस होत नाही, कारण मध्ये स्लाइडची जवळजवळ मिलिमीटरभर जाड काच येते आणि लेन्स तेवढी जवळ जाऊच शकत नाही. मग पोरगं नॉब आणखी फिरवतं, आणि काच तडकते. ‘सर, ४०×ला दिसतच नाही’ असं कोणी म्हटलं की मी आधी स्लाइड उलटून बघतो.

गालाच्या पेशी घेताना टूथपिक ज्याची त्याने वापरायची आणि थेट १ टक्का हायपोक्लोराइटच्या भांड्यात टाकायची. फुटलेली कव्हरस्लिप बोटांनी वेचू नका, चिमट्याने किंवा दुमडलेल्या पुठ्ठ्याने उचला. पॅथॉलॉजी लॅबमध्ये वापरलेल्या आणि फुटलेल्या काचेसाठी निळी खूण असलेला, काच टोचून बाहेर येणार नाही आणि गळणार नाही असा डबा असतो, ती त्यातच गेली पाहिजे.

## ४. पहिला फोकस, १०× वर

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग वाचा.

नियम एकच. लेन्स आणि स्लाइड जवळ आणताना डोळा बाहेर, बाजूने. दूर नेताना डोळा आयपीसला.

१. स्लाइड क्लिपमध्ये बसवा. बघायची वस्तू उजेडाच्या ठिपक्यावर आणा. हे नुसत्या डोळ्यांनी करायचं.

२. मान वाकवून, डोळे स्टेजच्या पातळीला आणून, बाजूने बघत मोठ्या नॉबने स्टेज वर घ्या. १०×चं तोंड स्लाइडपासून सुमारे ५ मिलिमीटरवर आलं की थांबा.

३. आता आयपीसमध्ये बघा आणि मोठा नॉब उलट दिशेने, म्हणजे स्टेज खाली जाईल असा, सावकाश फिरवा. चित्र येईल आणि पटकन निघूनही जाईल. गेलं तर पुन्हा पायरी दोनपासून. आयपीसमध्ये बघत बघत स्टेज वर घ्यायची नाही.

४. चित्र धूसर का होईना, दिसलं की मोठा नॉब सोडा. पुढचं काम छोट्या नॉबचं.

जुन्या, एका नळीच्या मायक्रोस्कोपात स्टेज जागेवरच राहते आणि नळी खाली-वर होते. नियम तोच, फक्त तिथे ‘जवळ’ म्हणजे नळी खाली.

थांबा: उजव्या आणि डाव्या बाजूचे मोठे नॉब एकाच वेळी उलटसुलट फिरवू नका. काही मॉडेलमध्ये त्याने नॉबचा ताण बदलतो, काहींत आतले दाते खराब होतात. नॉब जड लागला तर जोर लावू नका. आणि त्यात शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल तर मुळीच सोडू नका. तिथे घट्ट ग्रीस असतं, पातळ तेलाने ते विरघळतं आणि स्टेज आपोआप खाली सरकायला लागते. तशी ती सरकत असेल तर आर्मजवळची ताणाची रिंग आहे का बघा, ती थोडी आवळली की बहुतेक वेळा काम होतं.

दोन आयपीस असतील तर आधी दोन्हींतलं अंतर आपल्या डोळ्यांना जुळवा, दोन वर्तुळांचं एक व्हायला हवं. मग उजव्या डोळ्याने छोट्या नॉबवर फोकस करा, उजवा मिटा, आणि डाव्या आयपीसची रिंग फिरवून डाव्याला स्पष्ट करा. हे न केल्याने डोकं दुखतं आणि दोष चष्म्याला दिला जातो. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघितलं तरी चालतं, छोटा नॉब नंबर भरून काढतो. सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा राहू द्या. एकाच आयपीसचा असेल तर दुसरा डोळा मिटून घ्यायची गरज नाही. दोन दिवस त्रास होतो, मग सवय होते.

## ५. ४०× वर जाणे

बघायचा भाग आधी फील्डच्या बरोब्बर मध्यभागी आणा. ४०×ला फील्ड चौपट लहान होतं, कडेची पेशी हमखास बाहेर जाते.

मग स्टेज खाली न घेता, बाजूने बघत, नोजपीस फिरवा. लेन्स काचेला घासेल असं वाटतं आणि भीतीने पोरं स्टेज खाली घेतात. चांगल्या अवस्थेतल्या मायक्रोस्कोपात १०×चा फोकस ४०×ला जवळपास तसाच मिळतो, फक्त छोटा नॉब पाव-अर्धा फेरा. एकाच मायक्रोस्कोपवर वेगवेगळ्या कंपन्यांचे ऑब्जेक्टिव्ह चढवलेले असतील तर हे जुळत नाही, आणि आपल्याकडे दुरुस्तीनंतर असं सर्रास होतं. तसा मायक्रोस्कोप असेल तर त्यावर चिठ्ठी लावून ठेवा.

४०× फोकसमध्ये असताना लेन्स आणि कव्हरस्लिप यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते. ४०×ला आल्यावर मोठ्या नॉबवरचा हात काढून घ्यायचा. चित्र हरवलं तर छोटा नॉब कुठपर्यंत फिरतो ते बघत बसू नका, १०×वर परत या.

कव्हरस्लिप नसलेला रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला पातळ थर) ४०×ला कायम धुरकट दिसतो. तो लेन्सचा दोष नाही, ०.१७ची काच नसल्याचा परिणाम आहे. पुसत बसू नका.

## ६. १००× आणि तेल

काचेतून हवेत शिरताना उजेड वाकतो आणि बराचसा लेन्सबाहेर जातो. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५२ आणि इमर्शन ऑइलचा १.५१५, म्हणून मध्ये तेल असलं की उजेड सरळ लेन्समध्ये जातो. तेलाशिवाय १००× म्हणजे नुसता धूर. कुठलंही तेल चालत नाही. लिक्विड पॅरॅफिनवर वेळ निभावता येते, खोबरेलावर नाही.

१. १०×वर स्मिअरचा चांगला, पातळ पसरलेला भाग मध्यभागी आणा.

२. नोजपीस अर्धवट फिरवा, म्हणजे स्लाइडच्या वर कुठलाच ऑब्जेक्टिव्ह राहणार नाही.

३. उजेडाच्या ठिपक्यावर तेलाचा एक छोटा थेंब. ड्रॉपरचं टोक स्लाइडला टेकवू नका.

४. १००× जागेवर आणा, पण अशा बाजूने की वाटेत ४०× त्या थेंबावरून जाणार नाही. नोजपीसवरचा क्रम आधीच बघून ठेवा.

५. बाजूने बघा. लेन्स तेलाला टेकली की थेंब एकदम चमकतो आणि लेन्सच्या तोंडाला धरून पसरतो. नंतर फक्त छोटा नॉब.

आता ती चूक, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. १००×ला काही दिसत नाही, म्हणून पोरगं ‘जरा मागे जाऊन बघतो’ म्हणत ४०×वर येतं. स्लाइडवर तेल तसंच असतं. ४०×चं तोंड त्यात बुडतं, तेल लेन्सच्या कडेच्या फटीत शिरतं, आणि पुढच्या बॅचला त्या मायक्रोस्कोपचा ४०× कायमचा ‘जरा धूसर’ मिळतो. तेल लागल्यावर परत जायचं तर थेट १०×वर जा. त्याचं तोंड स्लाइडपासून काही मिलिमीटर वर असतं, त्याला तेल लागत नाही. ४०×ने बघायचंच असेल तर आधी स्लाइडवरचं तेल पुसा.

डीएमएलटी (पॅथॉलॉजी लॅब टेक्निशियनची पदविका) करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. थुंकीच्या पॉझिटिव्ह स्लाइडवरचे जंतू तेलातून लेन्सला चिकटून पुढच्या पेशंटच्या स्लाइडवर जाऊ शकतात. म्हणून दोन स्लाइडच्या मध्ये लेन्स पुसायची, आणि ड्रॉपर स्लाइडला टेकवायचा नाही तोही याचसाठी.

## ७. पुसणे

आधी डाग कुठे आहे ते शोधा, मग पुसा. आयपीस बोटाने गोल फिरवा, डाग फिरला तर तो आयपीसवर. स्लाइड सरकवा, डाग सरकला तर स्लाइडवर. ऑब्जेक्टिव्ह बदलल्यावर गेला तर ऑब्जेक्टिव्हवर. कंडेन्सर खाली-वर केल्यावर धूसर झाला तर तिथे. नव्वद टक्के वेळा डाग आयपीसवर सापडतो, पापण्यांचं तेल आणि काजळ. आणि नेमका तोच सोडून बाकी सगळं पुसलेलं असतं.

ऑब्जेक्टिव्हचं तोंड उघड्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. आयपीस काढा, उलटा धरा, आणि त्यातून भिंगासारखं बघा. तेलाची साय असेल तर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतील.

पुसण्याचा क्रम: आधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. मग लेन्स पेपर, न घासता, टिपल्यासारखा. एकदा वापरलेला भाग पुन्हा लेन्सला लावायचा नाही. तेल असेल तर कोरड्या पेपरने तीन-चार वेळा टिपा, पेपरवर डाग उमटायचा थांबेपर्यंत. त्यानंतरच लेन्स क्लीनरचा एक थेंब पेपरवर घ्या (लेन्सवर टाकू नका), एकदा पुसा, आणि लगेच कोरडा पेपर.

इमर्शन ऑइल म्हणून सीडरवुड ऑइल वापरत असाल तर त्याच दिवशी पुसा. ते वाळून लाखेसारखं कडक होतं. वाळलंच तर पेपरवर अगदी थोडं झायलीन घ्या. खिडकी उघडी, हातमोजे, जवळ बर्नर नको. जास्त झायलीनने लेन्स बसवलेला सिमेंट सुटतो. अ‍ॅसिटोनला तर हातच लावू नका.

रुमाल, ओढणी, एप्रनचं टोक, टिश्यू पेपर, सगळं बंद.

## ८. परत ठेवणे

रेग्युलेटर शून्य, स्विच बंद, १०× किंवा ४× खाली, स्टेज खाली, स्लाइड काढलेली. शेवटची गोष्ट विसरली जाते. शुक्रवारी राहिलेली ओली स्लाइड सोमवारी स्टेजला चिकटलेली मिळते. बल्ब गार व्हायला पंधरा-वीस मिनिटं द्या, मग कव्हर घाला. वायर आर्मला घट्ट गुंडाळू नका. हॅलोजन बल्ब बदलायचा असेल तर प्लग काढून, गार झाल्यावर, कागदात धरून. बोटांचं तेल काचेला लागलं की तिथेच बल्ब जातो.

## ९. पावसाळा

घाटावरच्यांना हे थोडं अति वाटेल. कोकणात आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर असते आणि लेन्सवर बुरशी धरते. टॉर्चचा उजेड तिरका टाकून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. बुरशीला अंधार, कोंदट हवा आणि ओल लागते, आणि मायक्रोस्कोपसोबत येणारी लाकडी पेटी नेमकं हेच तिन्ही देते. प्लास्टिकचं कव्हरही ओल आत कोंडतं. पावसाळ्यात सुती कव्हर घाला.

सगळ्यांत स्वस्त उपाय जुनाच आहे. कपाटात खाली २५ किंवा ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब, वर हवा जायला भोकं, आणि बल्बपासून कव्हर वीतभर लांब. होल्डर पक्का बसवलेला, वायर धड. एका वर्षी आमच्याकडे वीज वाचवायची म्हणून कपाटातले सगळे बल्ब काढून एलईडी लावले. कपाट झगमगत होतं आणि गारही राहत होतं. एलईडी तापत नाही, आणि आपल्याला उजेड नको होता, ऊब हवी होती. गणपतीच्या सुट्टीनंतर उघडलं तर तीन मायक्रोस्कोपच्या आयपीसवर जाळं. दोन पुसून निघाले, तिसऱ्याच्या काचेवर व्रण राहिला.

पिवळा बल्ब मिळत नसेल तर हवाबंद झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल. निळी जेल गुलाबी झाली की ती ओल पिऊन भरली. प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर पुन्हा निळी होईपर्यंत तापवा. घरच्या कढईत नको, निळ्या रंगात कोबाल्टचं विषारी क्षार असतं. हवाबंद डब्यात जेल न टाकता ठेवणं हे उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट.

सुट्टीतही आठवड्यातून एकदा कपाट उघडा, मायक्रोस्कोप बाहेर काढून तासभर पंख्याखाली ठेवा. बुरशी वरच्या काचेवर असेल तर लेन्स क्लीनरने निघते. आतल्या काचेवर असेल तर ऑब्जेक्टिव्ह खोलू नका. आतल्या भिंगांमधलं अंतर एकदा बिघडलं की आपल्या हाताने जुळत नाही. तो काढून, पिशवीत घालून, बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि मेकॅनिककडे द्या.

## १०. वही

प्रत्येक मायक्रोस्कोपला नंबर आणि प्रत्येक नंबरला वहीत पान. प्रॅक्टिकल सुरू होताना विद्यार्थ्याने दोन मिनिटं तपासून सही करायची: चारही ऑब्जेक्टिव्ह स्वच्छ, छोटा नॉब दोन्हीकडे फिरतो, दिवा लागतो, स्टेज सरकत नाही. काही बिघडलेलं दिसलं तर तिथेच लिहायचं, त्याबद्दल कोणाला ओरडा बसणार नाही हे आधी सांगून ठेवायचं. आमच्याकडे वही नव्हती तेव्हा प्रत्येक तेलकट ४०×बद्दल एकच उत्तर यायचं: ‘सर, आधीपासूनच असं होतं.’ आता तारीख बघून विचारता येतं.